योगासने व क्रीडाप्रशिक्षण

योगासने व क्रीडाप्रशिक्षण : खेळाच्या मुख्य सरावाला जोड म्हणून, विशेषतः शरीराचा तोल व हालचालींतील सुसूत्रता वाढविण्याच्या हेतूने, खेळाडूंना योगासने शिकविण्याची पद्धत. अशा व्यायामास ‘पूरक व्यायाम’ म्हणतात. त्यात खेळाची कौशल्ये शिकविली जात नाहीत, तर ती कौशल्ये ज्या शरीराने करावयाची, ते शरीर तयार केले जाते. तोल म्हणजे गुरुत्वमध्य आधाराच्या कक्षेत राखण्याची क्षमता आणि सुसूत्रता म्हणजे निरनिराळ्या स्नायूंनी योग्य क्रमाने, योग्य वेळी व योग्य तेवढ्याच जोराने काम करणे. ही दोन्ही अंगे मल्लापासून नेमबाजापर्यंत प्रत्येक खेळाडूला लागतात. मात्र ध्यानधारणेसाठी सांगितलेली आसने मैदानावर कशी आली, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. योगाने खेळाडू घडविण्याची परंपरा ‘हजारो वर्षांची’ आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. उपलब्ध साधने तसे सांगत नाहीत. योगासने आणि क्रीडा यांचा जाणीवपूर्वक घातलेला मेळ मुख्यतः विसाव्या शतकातील असून त्याचा बराचसा इतिहास बडोदे, लोणावळे, औंध, म्हैसूर व पुणे या गावांत घडला आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाचा विचार अगदी थोडा आहे. दीर्घकाळ सुखाने व स्थिर बसता यावे, एवढीच तेथे अपेक्षा दिसते. एका पायावर उभे राहण्याची प्रथा जुनी आहे, पण ती व्यायाम म्हणून नव्हे, तर तप म्हणून. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात हात उंचावून एका पायावर उभा असलेला कृश तपस्वी कोरलेला आहे आणि त्याच्या खालच्या बाजूला त्याच ढंगाने उभे असलेले मांजरही कोरलेले आहे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत (सु. पंधरावे शतक) पंधरा आसने वर्णिली आहेत. त्यांपैकी मयूरासन व कुक्कुटासन ही हातांवर शरीर तोलण्याची आहेत. नंतरच्या घेरंडसंहितेत बत्तीस आसने असून त्यांत एका पायावर उभे राहावयाचे वृक्षासन येते. तथापि या ग्रंथांचा वाचक मल्ल नाही, साधक आहे. हठप्रदीपिका तर साधकाने शरीराला शिणविणारी कर्मे टाळावीत असे सांगते आणि तिचा एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद अशा कर्मांची उदाहरणे देताना पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे व जड ओझी उचलणे यांचा उल्लेख करतो. पुढे शंभर वर्षांच्या आतच सूर्यनमस्कार हे योगाचे प्रवेशद्वार समजले जाऊ लागले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

तोल व सुसूत्रता यांसाठी पूरक व्यायाम करण्याची खरी जुनी परंपरा तालमीत सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या आहाराची, श्रमांची व डावपेचांची माहिती आली असून खांबावर करावयाच्या व्यायामाचाही निर्देश आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील मल्लपुराण या ग्रंथातही खांबावरील श्रम हा मल्लाच्या शिक्षणाचा भाग मानला आहे. पुढे या व्यायामप्रकाराची परंपरा क्षीण झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिला नवे जीवन दिले. निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले, त्यांचे आव्हान बाळंभटदादांनी स्वीकारले, वणी येथील सप्तशृंगीच्या गडावर उपासना केली, तेथे मारुतीकडून त्यांना खांबावरच्या पकडींचा साक्षात्कार झाला आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील साक्षात्काराचा भाग श्रद्धेचा मानला, तरी तिच्यातील व्यायामविषयक आशय स्पष्ट आहे. बलाने वरचढ असलेल्या मल्लावर मात करण्यासाठी चपळाई, पकड व तोल ही साधने वेगळ्या सरावाने मिळवावी लागतात, हा तो आशय होय. पेशवाईच्या अखेरीनंतर बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास व तेथून काशीस गेली आणि शिष्यशाखांमार्फत पुन्हा महाराष्ट्रात व बडोद्यास आली. [→ मल्लखांब].

मल्लखांब हा न हलणारा, न थकणारा प्रतिस्पर्धी होय. सागवानी किंवा शिसवी खांब तळाशी जाड व वर निमुळता असतो. अंग, मान व बोंड असे त्याचे भाग मानतात. त्यास एरंडेल तेल लावल्याने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि सैल पकड टिकत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, झाप, ताजवा, फरारा ही उड्यांची व पकडींची नावे तालमीत आजही ऐकू येतात. यांतील बहुतेक प्रकारांत डोके खाली व पाय वर जातात, शरीर खांबाभोवती फिरते आणि डोळ्यांना परिचित असलेली वर-खालची दिशा क्षणोक्षणी बदलते. अशा स्थितीत कोणता अवयव कोठे आहे हे न पाहता कळावे लागते. टांगत्या मल्लखांबावर तर आधारच झुलत व फिरत असतो. वेताच्या, व पुढे वेताऐवजी आलेल्या दोरीच्या मल्लखांबावर हात व पायाचा अंगठा यांच्या पकडीवर सारे शरीर तोलावे लागते. खांबाच्या बोंडावर मयूरासन, दोरीवर पद्मासन अशी आसने करण्याची प्रथाही येथेच रुळली. मल्लविद्या व योगासने यांची गाठ महाराष्ट्रात प्रथम पडली ती ग्रंथांत नव्हे, तर या खांबावर, असे म्हणता येईल. लाल मातीत घडलेल्या या मेळाची लेखी नोंद अल्प असल्याने अभ्यासकांचे त्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे.

इंग्रजी अंमलात शाळांतून जी कवायत आली, ती शिकविणारे पुष्कळदा निवृत्त लष्करी शिपाई असत. तिच्या जोडीला स्वीडिश पद्धतीचे शरीरशिक्षण आणि जर्मन पद्धतीचे साधनांवरील व्यायाम आले. यूजेन सँडो या बलोपासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानचा दौरा केला व त्याच्या डंबेल्सचे वेड सुशिक्षितांत पसरले. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. या वातावरणात देशी व्यायामाची बाजू उचलून धरणाऱ्यांमध्ये बडोद्याचे राजरत्न माणिकराव अग्रगण्य होत. जुम्मादादांकडून मिळालेली मल्लविद्या, लाठी, लेझीम, मल्लखांब यांचे शिक्षण त्यांनी सांघिक स्वरूपात बसविले व त्यासाठी देशी आज्ञाशब्द रूढ केले. बडोद्यासच द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांत प्रसिद्ध झाला (१९३६–४९). अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम सँडोची पद्धत अनुसरली, पण पुढे ती सोडून सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला आणि संस्थानातील शाळांतून ते सक्तीचे केले. सूर्यनमस्कारात पुढे वाकणे, मागे वाकणे व हातापायांवर भार तोलणे या क्रिया श्वासाच्या लयीवर एकामागून एक येतात. त्यामुळे सुसूत्रतेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व सुट्या आसनांपेक्षा वेगळे आहे. भवानरावांनी मात्र त्यांचा पुरस्कार सर्वांगीण आरोग्याचा व्यायाम म्हणून केला. खेळाडूची तयारी हा त्यांचा विषय नव्हता.

योगासनांना शरीरशिक्षणात शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंदांकडे (१८८३–१९६६) जाते. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांची घडण दोन गुरूंकडे झाली, हे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९०७ ते १९१० या काळात ते बडोद्यास माणिकरावांच्या तालमीत होते आणि पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजी महाराजांकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. म्हणजे जोर-बैठका व प्राणायाम हे दोन्ही त्यांनी स्वतः केलेले होते, आणि दोहोंतील फरक त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचे निरीक्षण करून त्यांनी आपल्या संशोधनास आरंभ केला. १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था व योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले.

कुवलयानंदांनी आसनांचे ध्यानात्मक व शरीरसंवर्धनात्मक असे वर्ग पाडले. आसन म्हणजे स्नायूंचा जोरकस व्यायाम नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दंड-बैठकांत स्नायू पुनःपुन्हा आकुंचन पावतात, हृदयाचे ठोके वाढतात व शक्तीचा व्यय होतो. आसनात सावकाश स्थिती घ्यावयाची, कमीत कमी प्रयत्नाने ती टिकवावयाची व सावकाश सोडावयाची असते. तिचा परिणाम पाठीच्या कण्यावर, स्नायूंच्या ताणावर व मज्जासंस्थेवर व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणूनच दोन्ही प्रकार करणाऱ्याने त्यांची सरमिसळ करू नये, एकानंतर दुसरा करताना मध्ये काही वेळ जाऊ द्यावा, असा त्यांचा सल्ला होता. खेळाडूंच्या प्रशिक्षणात पुढे ज्या चुका झाल्या, त्यांतील पुष्कळशा हा सल्ला न मानल्यामुळे झाल्या आहेत. मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाच्या सरकारी योजनांत कुवलयानंदांचा सहभाग होता. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था निघाली, तेव्हा शिक्षकाला देशी व विदेशी असे दोन्ही प्रकारचे व्यायाम आले पाहिजेत, ही दृष्टी मान्य होऊ लागली होती. शाळेच्या पटांगणावर शंभर मुलांना एकदम आसने शिकविता यावीत म्हणून कुवलयानंदांनी त्यांना सांघिक रूपही दिले. आसन ही आकड्यांच्या तालावर करावयाची कवायत नव्हे, असे ज्यांनी प्रतिपादिले, त्यांनाच ती आज्ञांच्या चौकटीत बसवावी लागली. वर्गाची गरज व आसनाचे स्वरूप यांतील हा ताण अद्याप सुटलेला नाही.

दुसरा प्रवाह म्हैसूरचा. नाल्वाडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णम्माचार्य यांनी जगन्मोहन राजवाड्यात १९३३ पासून योगशाळा चालविली. तेथे तरुण मुलांना जोमदार, उड्या व तोल यांनी युक्त अशा आसनमालिका शिकविल्या जात. या राजवाड्याला व्यायामशाळेचीही परंपरा असल्याने या मालिकांवर देशी तालमीचा व पाश्चात्त्य जिम्नॅस्टिक्सचा प्रभाव किती, यासंबंधी अलीकडे बराच वाद झाला आहे. कृष्णम्माचार्यांचे शिष्य व मेहुणे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ साली पुण्यास आले, ते डेक्कन जिमखान्यावर योगासने शिकविण्यासाठी. ज्या संस्थेने पुण्यात अनेक मैदानी खेळ रुजविले, तिच्याच आवारात योगासनांचा वर्ग भरावा, ही घटना लक्षणीय आहे. क्षीण प्रकृतीच्या या अठरा वर्षांच्या शिक्षकापुढे तगडे व्यायामपटू बसत व आपण त्यांच्यापुढे थिटे पडतो, या जाणिवेने त्याने स्वतःचा सराव प्रचंड वाढविला. अय्यंगारांचे वैशिष्ट्य म्हणजे उभ्या स्थितीतील आसनांना त्यांनी दिलेले प्राधान्य. त्रिकोणासन, वीरभद्रासन, अर्धचंद्रासन यांत तळव्याच्या कोणत्या कडेवर भार यावा, गुडघ्याची वाटी कोणत्या दिशेस असावी, कटी किती वळावी, यांचा बारकाईने विचार त्यांनी केला. विटा, पट्टे, दोर, खुर्ची यांचा आधार घेऊन अवघड स्थिती दुखापतग्रस्तालाही घेता यावी अशी सोय केली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा मराठी अवतार योगदीपिका या नावाने ओळखला जातो. पुण्यातील त्यांची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली.

आसनांमुळे तोल का सुधारावा, याचे शारीरक्रियात्मक विवेचन थोडक्यात असे : मेंदूला शरीराच्या स्थितीची वार्ता तीन ठिकाणांहून मिळते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिका व त्यांच्यालगतच्या पिशव्या डोक्याची गती व कल सांगतात, डोळे परिसराशी असलेले नाते सांगतात, आणि स्नायू, कंडरा व सांधे यांतील संवेदक अवयवांची स्थिती व त्यांवरील ताण सांगतात. या तिन्हींचा मेळ घालून लहान मेंदू स्नायूंच्या कार्यात क्षणोक्षणी दुरुस्ती करतो. वृक्षासनात उभे राहिलेला मनुष्य दिसावयास निश्चल असला, तरी त्याच्या घोट्यातील स्नायू सारखे आळीपाळीने काम करीत असतात. डोळे मिटताच तो डुलू लागतो, कारण तीनपैकी एक साक्षीदार गेलेला असतो. मग उरलेल्या दोहोंवर भिस्त ठेवण्याची सवय लागते, व घोट्याच्या संवेदनेला धार येते. मुरगळलेला घोटा बरा झाल्यावरही ही संवेदना काही काळ मंद राहते आणि त्यामुळे तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अशा खेळाडूंना एका पायावर उभे राहण्याचे व्यायाम म्हणूनच दिले जातात.

येथवर सारे निर्विवाद आहे. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाचा. चटईवर कमावलेला तोल मैदानावर उपयोगी पडतो काय? अमेरिकन संशोधक फ्रँकलिन हेन्री यांनी १९६० च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की हालचालींचे कौशल्य त्या त्या कृतीपुरतेच असते. सर्व खेळांना पुरेल अशी ‘सुसूत्रता’ नावाची एकच शक्ती नसते. स्थिर उभे राहण्यात निपुण असलेला मनुष्य धावता धावता वळण्यात निपुण असेलच असे नाही, हे पुढील अनेक चाचण्यांतही दिसले. यास छेद देणारे पुरावे आहेत, पण ते मर्यादित आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात महाविद्यालयीन संघातील १४ फुटबॉलपटूंना दहा आठवडे नियमित सरावाबरोबर योगासने दिली व १२ बेसबॉलपटूंना ती दिली नाहीत. योग करणाऱ्यांची लवचिकता व तोल या दोहोंत लक्षणीय वाढ आढळली. हा अभ्यास वारंवार उद्‌धृत केला जातो. परंतु गटांतील खेळाडू मोजके, दोन्ही गटांचे खेळ निराळे, आणि तोलाची चाचणी एका पायावर उभे राहण्याची, म्हणजे जे शिकविले त्याच्याच जवळची. असे अभ्यास आसनांनी आसनासारखा तोल सुधारतो हे दाखवितात. त्यामुळे गोल अधिक होतात किंवा मोच कमी येते हे सिद्ध होण्यास निराळ्या प्रकारचा पुरावा लागेल.

मल्लखांबाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मल्लखांबाचा मल्लाला फायदा झाला, तो खांबावरील पकड व आखाड्यातील पकड यांत साम्य होते म्हणून. मांड्यांनी आवळणे, उलटे होऊन सुटणे, पाठीवरून फिरणे या क्रिया दोहोंकडे आहेत. याच न्यायाने आसनांची निवड खेळानुसार झाली पाहिजे. नेमबाज व तिरंदाज यांना स्थिर उभे राहणे व श्वासावर ताबा हेच तर हवे असते, त्यामुळे त्यांना आसन-प्राणायामाचा लाभ सर्वांत सरळ आहे. जिम्नॅस्टला हातांवरील तोल व पाठीची लवचिकता, क्रिकेटमधील द्रुतगती गोलंदाजाला कटी व पाठ यांची काळजी, कुस्तीगिराला मानेचे रक्षण. शीर्षासन सर्वांना सारखे हितकर नाही. आखाड्यात ज्याची मान आधीच झिजलेली आहे, त्याला ते जपूनच द्यावे लागते. ज्यांचे सांधे जन्मतः सैल आहेत, त्यांना अधिक ताण देण्यापेक्षा बळ देणारे व्यायाम इष्ट. धावण्यापूर्वी वा उडीपूर्वी लगेच दीर्घकाळ ताण दिल्यास स्नायूंचा क्षणिक जोर काहीसा उणावतो, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. कुवलयानंदांनी सुचविलेल्या मधल्या विश्रांतीला मिळालेली ही उशिराची पुष्टी होय. आसने स्पर्धेच्या आधी नव्हे, तर सरावानंतर काही वेळाने किंवा वेगळ्या वेळी करावीत, असा सर्वसाधारण प्रघात त्यामुळे पडला आहे.

व्यावसायिक खेळाडूंनी योग स्वीकारला, तो मात्र प्रयोगांच्या निष्कर्षांची वाट न पाहता. अमेरिकन बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार हे वीस मोसम खेळून १९८९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाले. आपल्या दीर्घ कारकीर्दीचे श्रेय ते योगाभ्यासाला देतात. इंग्लंडमधील फुटबॉलपटू रायन गिग्ज यांनीही असेच सांगितले आहे. क्रीडेच्या बाहेरचे एक उदाहरण येथे नोंदविण्याजोगे आहे. १९८४ साली राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ या अवकाशस्थानकात, जेथे अंतर्कर्णातील कलसूचक यंत्रणेला गुरुत्वाचा आधारच उरत नाही अशा स्थितीत, योगाभ्यास केला. एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही. तरी खेळाडू सहसा अशाच अनुभवांवर विश्वास ठेवतात, आणि प्रशिक्षकही.

दरम्यान पूरक व्यायाम स्वतःच स्पर्धेचे विषय झाले आहेत. मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैन येथे झाली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्यास राज्यक्रीडा म्हणून घोषित केले आणि २०१९ मध्ये मुंबईस पहिली जागतिक स्पर्धा भरली. दादरच्या शिवाजी उद्यानातील श्रीसमर्थ व्यायाममंदिराचा या प्रसारात मोठा वाटा आहे. योगासनांना भारत सरकारने डिसेंबर २०२० मध्ये स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत दोहोंचा प्रथमच समावेश झाला. स्पर्धेत गुण द्यावयाचे म्हणजे स्थितीची अवघडता, रेखीवपणा व टिकविलेले क्षण मोजावे लागतात. कमीत कमी प्रयत्न व सुख ही आसनाची जुनी लक्षणे मोजपट्टीत बसत नाहीत. मल्लखांबाचे खेळाडू आता कुस्ती खेळतातच असे नाही, आणि स्पर्धात्मक योगासनांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना खांदे व कटी यांचे बळ वाढावे म्हणून आता निराळे पूरक व्यायाम करावे लागतात. त्यांत जोर व बैठका यांचाही समावेश असतो.